सासूबाईंची पैज आणि चिंचमळा स्टेशन

पुण्यातून निघून पुण्यातच पोहोचलो, याला प्रवासवर्णन म्हणायचं का, असं काही जण विचारतीलच. खुशाल विचारा. एकदा रविवारी सकाळी हडपसरचा गाडीतळ पार करून दाखवा, मग बोलू.

तर झालं असं. माझ्या सासूबाई बिबवेवाडीत एकट्या राहतात आणि मी आणि माझा नवरा निखिल खराडीत. आई, म्हणजे सासूबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत. नात्यातल्या निम्म्या मुलांना त्यांनी पाढ्यांवरून रडवलंय. पण गेल्या वर्षभरात त्या विसरायला लागल्या. आधी गॅस, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. निखिल म्हणाला, फ्लॅट बंद करू, तू खराडीला चल. आई म्हणाल्या, मुळीच नाही.

त्यातच त्यांचं एक स्टेशन सुरू झालं. "माझा जन्म चिंचमळा स्टेशनातला," असं त्या वारंवार सांगू लागल्या. त्यांचे वडील मिरजेच्या छोट्या लाइनवर, म्हणजे जुन्या मीटरगेजवर पोर्टर होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पण राहायला ते घोरपडीच्या क्वार्टर्समध्ये होते, असंच सगळे सांगत आले होते. निखिलने फोनवर शोध शोध शोधलं, त्या लाइनवर चिंचमळा नावाचं काही सापडेना. ज्यांना नक्की ठाऊक असतं ते आईंचे थोरले भाऊ, दादामामा, दोन वर्षांपूर्वी गेले. झालं! निखिल मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "आईचं हल्ली असंच." आईंचे कान मात्र अजून शाबूत आहेत. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "स्टेशन नाही सापडलं तर मुकाट्याने खराडीला येते. सापडलं, तर माझं डोकं ठिकाणावर आहे असं धरायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." अशी पैज लागली आणि आमची ट्रिप ठरली.

रविवारी सातला आईंना घेतलं. लवकर निघा, ही माझी पहिली आणि शेवटची प्रामाणिक सूचना. मार्केट यार्डाच्या फुलबाजारापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि पाव किलो झेंडू घेतला. स्टेशनला फुलं कशाला, असं निखिलने विचारलंच. "माहेरी रिकाम्या हाताने जायचं नसतं," असं उत्तर मिळालं. हडपसरला मिसळ खाल्ली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण रस्सा आदल्या दिवशीचा होता आणि मालक त्याबद्दल अजिबात दिलगीर नव्हते. पण तर्री अशी, की तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि गाडीत जो ताण होता तो जरा सैल झाला.

फुरसुंगीच्या बाजूला आलो आणि आम्ही जे कुणीही करेल तेच केलं. सध्याचा रेल्वेमार्ग धरला आणि त्याच्या कडेकडेने शोधत राहिलो. फाटकावरच्या माणसाला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं, एका पारावर पेपर वाचत बसलेल्या चार आजोबांना विचारलं. त्यातले दोघे असं स्टेशन कधी नव्हतंच म्हणाले, तिसरे तुम्ही कोणाकडचे म्हणाले आणि चौथ्यांनी पेपरातून मान वर केली नाही. उन्हं चढली. निखिल प्रत्येक वेळी गाडीत परत बसताना दार जरा जास्तच जोरात लावत होता. आई झेंडूची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी निखिलने परत फिरायचं ठरवलं. नव्या सोसायट्यांच्या मधून जाणारा एक रुंद रस्ता त्याने धरला. अचानक आई म्हणाल्या, "हळू चालव. हा रस्ता बघ कसा वळतोय." रस्ता खरंच वळत होता, पण इतका संथ, की स्टिअरिंग वळवल्यासारखं वाटतही नव्हतं. निखिल म्हणाला, रस्ते वळतातच. त्यावर त्यांचा वर्गातला आवाज लागला.

"शेतातला रस्ता असा वळत नाही. तो बांधाशी गेला की काटकोनात फिरतो. एवढं लांब, एकसारखं वळण फक्त आगगाडीला लागतं."

मी चाटच पडले. पुढे ब्रॉडगेजची रुंद लाइन टाकताना जुनी वळणं काही ठिकाणी सोडून दिली, हे निखिलनेच मला कधीतरी वाचून दाखवलं होतं. म्हणजे सकाळपासून आम्ही नव्या रुळांच्या कडेने जुनं स्टेशन शोधत होतो! रूळ उचलून नेले, तयार भराव राहिला, त्यावर आधी बैलगाड्या गेल्या असतील, मग डांबर पडलं. ज्या रस्त्यावरून लोक रोज कामाला जातात, ती आईंची छोटी लाइन होती.

वळण संपतं तिथे रस्ता थोडा जास्तच रुंद होतो. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला चिंचेची दोन जुनी झाडं आणि त्यांच्याखाली पत्र्याचं छोटं देऊळ. स्टेशनाचा मागमूस नाही. चिंचा पाहून आई मात्र तरातरा उतरल्या. देवळात एक पोक्त बाई झाडत होत्या. त्यांनी सांगितलं, की हा खांबोबा, वस्तीचा राखणदार. "लई कडक हाय, पण कानात सांगितलेलं ऐकतो," म्हणाल्या. मूर्ती म्हणजे पुरुषभर उंचीचा शेंदराने माखलेला खांब, वर जरीचं वस्त्र गुंडाळलेलं. जुना देव आहे, आपल्या सासूने या वस्तीत आल्यावर पाहिला तेव्हाही त्याला हळदीकुंकू वाहिलेलं होतं, असंही त्या म्हणाल्या.

आई खांबाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मागच्या अंगाला, वस्त्राखाली, एक लोखंडी आकडा आहे का? टोक तुटलेला?"

मावशींच्या हातातला झाडू थांबला. "तो देवाचा कान हाय. आंघोळ मी घालते, माझ्याबिगर कुनी बघितला न्हाई. तुमाला कसं ठावं?"

मी निखिलकडे पाहिलं. तो खांबाच्या पायाशी बघत होता. तिथे शेंदराचे पापुद्रे निघाले होते आणि खालून रुळाचा पसरट पाय स्वच्छ दिसत होता. आई मावशींना एवढंच म्हणाल्या, की लहानपणी आम्ही इथे दर्शनाला यायचो. मग त्यांनी झेंडू वाहिला, कानापाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या आणि प्रसादाची खडीसाखर घेऊन गाडीत येऊन बसल्या.

गाडीत सगळं बाहेर आलं. उभा रोवलेला रूळ होता तो. त्याच्या आकड्याला रुळाचाच एक तुकडा टांगलेला असे. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली, की घोरपडीला बदली होण्याआधी त्यांचे वडील त्यावर टोले द्यायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे हत्यारांची पूजा करतात तशी स्टेशनावरची माणसं सिग्नलच्या दांड्यांची, कंदिलांची आणि या खांबाची पूजा करायची. हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पुढे स्टेशन गेलं, माणसं गेली, खांब राहिला. नंतर राहायला आलेल्यांना हळदीकुंकवाचा खांब दिसला, त्यांनी हात जोडले. इतकी साधी गोष्ट! मला हसू आलं. आणि हे सगळं डोक्यात बाळगून वर्षभर आमचं ऐकून घेणाऱ्या या बाईचं फार कौतुक वाटलं.

निखिलने विचारलं, की मग त्या मावशींना खरं का नाही सांगितलंस?

"खरं काय? स्टेशनचं सगळं भंगारात गेलं. देव झाला म्हणून तेवढा तो वाचला. राहू दे ना त्याला देव."

तुम्हाला जायचं असेल, तर फुरसुंगीच्या नव्या वस्तीत जो रस्ता विनाकारण संथ वळतो तो धरा. पार्किंगला त्रास नाही, दानपेटीत मनाला येईल ते टाका, चहा टायरच्या दुकानाशेजारी झकास मिळतो. फक्त तिथे जाऊन हा रूळ आहे, असं मोठ्याने सांगू नका.

आईंना आमच्याकडे खराडीला जेवू घालूनच परत सोडायचं ठरलं होतं. पानं वाढली. आईंना इतक्या खुशीत मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. वरणभात कालवता कालवता त्या निखिलला म्हणाल्या, "अरे, दादाला फोन लाव. चिंचमळा सापडलं म्हणून सांगू दे मला."

निखिल उठला, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. "दादामामा नाहीये गं आता, आई."

आईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग, "हो की," एवढंच म्हणाल्या. निखिल म्हणाला, मला सांग ना, टोले कसे द्यायचे आजोबा? गाडीत सगळं ऐकून झालं होतं, तरी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा विचारत राहिला. आईंनी वाटीवर चमच्याने वाजवून दाखवलं. येणारी गाडी कशी, जाणारी कशी. मग निखिलने वाजवायचं, आणि तो चुकला, की त्याला पुन्हा वाजवायला लावत होत्या. वरण पार गार झालं.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी पर्समधून बिबवेवाडीची किल्ली काढली आणि निखिलच्या पुढ्यात ठेवली.

"पैज कोण जिंकलं?"

"तू जिंकलीस, आई."

"मग आता आपणहून येते मी खराडीला," आई म्हणाल्या. "हरले असते तर आले नसते."