कोपर वर घे, पोरी!

किस्से म्हणजे परसातला पातेरा. सकाळी झाडून घ्यावा, दुपारपर्यंत तेवढाच पुन्हा पडलेला! मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि दुसऱ्या कोणी घेतली नाहीत ती सगळी कामं बघतो. त्यातलंच एक म्हणजे गावातल्या माजी सैनिकांचे आभार मानायचा मुलांचा उपक्रम. उपक्रम राहिला बाजूला, माझ्याकडे किस्सेच जास्त जमले.

*

पहिला सत्कार सकाळी दहाला ठेवला होता. पावणेदहाला एक सोडून सगळे माजी सैनिक इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत हजर. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही! दहाच्या ठोक्याला नेव्हीतून रिटायर झालेले इब्राहिमचाचा उठले. म्हणाले, "सर, जहाज कुणासाठी थांबत नाय. चालू करा!"

चालू केला. पाहुणे सव्वाअकराला पोचले, तेव्हा सत्कारमूर्ती मुलांबरोबर खुर्च्या उचलत होते.

आले नव्हते ते एकटे सुभेदार कांबळे. मी आणि पहिल्या वर्षाची श्रावणी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, सव्वीस जानेवारीला तरी झेंडा फडकवायला या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

"झेंडा फडकवीन हो, पन सॅल्यूट कोन मारनार? झेंड्यासमोर नुसता उभा र्‍हावू? मी नाय येनार."

मला फार वाईट वाटलं. श्रावणी तर परतताना मागे वळून वळून त्यांच्याकडे बघत होती.

*

हवालदार पवारांचं अंगण झाडायला मुलं गेली. त्यांनी ते पहाटेच झाडून ठेवलेलं! उलट मुलांनाच रांगेत उभं करून त्यांनी एकेकाचे केस तपासले.

सोमवारी पाच जण बारीक केस कापून वर्गात. "हे काय रे?" म्हटलं, तर एक जण म्हणाला, "सर, आभार मानायला गेलो नि भरती होऊन आलो!"

*

इब्राहिमचाचांकडे मुलं शाल-श्रीफळ घेऊन गेली. चाचा म्हणाले, "अरे, घामाच्या धारा लागल्यात, शाल काय करू? नि नारळ तर मीच विकतो!"

"मग काय आणू, चाचा?"

"बायपास झाल्यापासून समुद्रात पाय नाय बुडवले."

मुलांनी दोन रिक्षा केल्या आणि त्यांना आरे-वारेला नेलं. तिथे सगळी सेल्फीला उभी राहिली, तर चाचा कडाडले, "समुद्राकडे पाठ करता? वळा!"

रिक्षावाल्याने काढलेल्या, आमच्या नोटीस बोर्डावरच्या त्या फोटोत चाचांसकट सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात. माझा सगळ्यात लाडका फोटो तोच आहे.

*

आता सुभेदारांचं. श्रावणी रोज चार वाजता त्यांच्याकडे जायला लागली. "आजोबा, मला सॅल्यूट शिकवा ना!" तिने करून दाखवला. सुभेदार खुर्चीतच उसळले.

"हा सॅल्यूट हाय? माशा हाकलतेस काय?" रागाने त्यांनी हात उचलला. तो छातीपाशी अडकला. डाव्या हाताने ढकलत त्यांनी तो खांद्यापर्यंत नेला. "असा! कोपर वर घे, पोरी!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपर खाली, बोटं फाकलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. दिवाळी झाली तरी तेच! परेडमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मीसुद्धा वैतागलो. "अगं, एवढं साधं जमत नाही तुला?" ती आपली चार वाजता पुन्हा त्यांच्याकडे!

सुभेदारांची सून म्हणाली, "डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला चेंडू बाबांनी नातवाला देऊन टाकला. हिच्यावर ओरडताना मात्र हात खाली ठेवत नाहीत!"

सव्वीस जानेवारीला सुभेदार आले! छातीवर मेडल्स, डोक्यावर टोपी. डाव्या हाताने दोरी ओढली, झेंडा उलगडला आणि उजवा हात निघाला. छाती, खांदा, हनुवटी... मैदानात कोणी हललं नाही. बोटं भुवईला टेकली! इब्राहिमचाचा उघड रडले आणि मीही.

समोरच्या रांगेत श्रावणी सॅल्यूटमध्ये उभी होती. बोटं जुळलेली, मनगट सरळ, कोपर खांद्याच्या रेषेत.

राष्ट्रगीत संपल्यावर सुभेदार तिच्यापुढे येऊन थांबले. "ह्या कधी जमला तुला?"

"शाळेत असल्यापासून, आजोबा. परेडमध्ये जिल्ह्यात पहिली आले होते."

सुभेदारांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग घसा खाकरून म्हणाले, "तरी कोपर बोटभर खालीच व्हता. उद्या चारला ये!"