चार उतारांचे मामेसासरे

माझ्या मामेसासऱ्यांना देवाने डोळे दिले ते जगातले उतार मोजण्यासाठीच, असे माझे ठाम मत आहे. देवळात गेले की आधी मागे जाऊन शिखराला बाजू किती ते बघून येतात, मग देवाला हात जोडतात. शेजारच्या बंगल्याचे छप्पर असो, मांडवाचे छत असो, नाहीतर परातीत रचलेले लाडू असोत, त्यांचा निकाल ठरलेला: "चार उतार, वर एक टोक. झाला पिरमिड!" मोदकाला मात्र ते या पंगतीत बसू देत नाहीत. "त्याचा बूड गोल हाय," असे म्हणतात आणि ही चूक खाऊन नाहीशी करतात.

माझ्या मुलीला शाळेने रोजच्या जगण्यातले पिरॅमिड शोधून एक नमुना करून आणायला सांगितले, तेव्हा साहजिकच ते खाडीकाठच्या गावातून आमच्या फ्लॅटवर हजर झाले. मी कचेरीत लोकांना प्रशिक्षण देतो. पडद्यावर रोज पिरॅमिड दाखवतो. वर साहेब, खाली आम्ही. त्यामुळे या विषयात माझा अधिकार मोठा, अशी माझी समजूत होती.

ही समजूत, पिरॅमिड शोधत आम्ही तिघे गेलो त्या एपीएमसी मार्केटात फिटली. फळांच्या गाळ्यावर संत्र्यांची सुबक रास होती. "वरचा प्रत्येक थर खालच्यावर उभा असतो, बेटा," असे म्हणत मी तळातले एक संत्रे ओढून दाखवले. प्रात्यक्षिक अपेक्षेपेक्षा फारच यशस्वी झाले. संत्री टेम्पोखाली पळाली आणि त्यांच्यामागे ओणवा होऊन मी.

"आमचे जावई हायत," मामांनी गाळेवाल्याची समजूत घातली. "लय शिकलेले हायत."

"ते दिसतंय," गाळेवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, मी पुठ्ठ्याचा पिरॅमिड करायला घेतला. त्याची एक बाजू आखूड पडली आणि तो म्हाताऱ्यासारखा वाकला. मुलगी रडकुंडीला आली. मामा माझ्या बायकोला म्हणाले, "जाडा मीठ हाय का गो?"

परातीत मीठ ओतून ते पोळपाटाने बाजू थोपटू लागले. मीठ पुन्हा पुन्हा घसरत होते. "मामा, याचा शंकूच होणार," मी अधिकारवाणीने बोललो. त्यांनी ऐकलेच नाही. मुलीने आपले तळवे दोन्ही बाजूंनी टेकवले, तेव्हा कुठे धार धरली गेली.

मग मामांनी खिडकीतून खाली बोट दाखवले. "तुमची पार्किंग हाय ना, तिथं आमचा मिठागर व्हता. बापूस अशीच रास करायचा. मी पलीकडून हात लावून धरायचो."

कितीतरी वर्षे मी तिथे गाडी लावतो. बायकोने कधीतरी सांगितलेही होते; मी 'हो का' म्हणून चावी शोधायला लागलो असणार.

शाळेला निघताना मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून राशीवर पांघरला. "पावसाच्या आधी बापूस गवतानं झाकायचा," एवढेच म्हणाले आणि परात मांडीवर घेऊन गाडीत बसले. मी पार्किंगमधून गाडी इतकी हळू काढली, की मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मामांचे लक्ष नव्हते. ते आणि माझी मुलगी मिळून टॉवेलाच्या कडा दाबून बसले होते.