आधी तार, मग नळी

बाळांनो, उन्हाळ्यात गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीची वीज गेली. आमच्याच इमारतीखालच्या जनरेटरच्या टाकीतलं डिझेल संपत आलं होतं, आणि आजोबांचं ऑक्सिजनचं यंत्र त्याच्यावरच चालू होतं. डिझेलचा टँकर आला तशी मी फोन हातात घेऊन खाली धावले.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, चाकांना ठोकळे लावले. मग ठिणगी पडू नये म्हणून जोडायची अर्थिंगची तार काढून तो तिचा चिमटा पुसत बसला.

"भैया, तार बाद में! ऊपर साहब मशीन पर हैं।"

"इसी टंकी के ऊपर ना, माताजी?" त्याने मान वर न करता विचारलं.

मी फोन बंद करून मागे सरले. त्याने तार जोडून ओढून पाहिली, नळी उचलली.

"भैया," मीच म्हणाले, "तार एक बार और देख लो।"