दुपट्याचा खुंटा

नातवाच्या बारशाच्या आदल्या दिवशी मला चार तास समाजभवनात बांधून ठेवलं होतं. बांधणाऱ्या अकराही बायका चांगल्या घरच्या होत्या. त्यांतली एक माझी स्वतःची होती, आणि गाठ तिनंच मारली होती!

झालं असं, की मी निवृत्त झाल्यावर (मी झालो, ती अजून व्हायची आहे) सुलभा आमच्या वस्तीतल्या हातमागाच्या वर्गाला जाऊ लागली. दर शनिवारी अकरा वाजता समाजभवनात हा वर्ग भरतो. टेबलावर मावतील असे लाकडी माग, दहा बायका, आणि शिकवायला पंच्याहत्तर वर्षांच्या हेडाऊ मावशी. मावशींच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे लुगडी विणली जात. तुटलेला धागा त्या चष्मा न लावता शोधतात, आणि तो कोणी तोडला हे मान वर न करता सांगतात. मी डबा पोचवायला गेलो की त्या मला दारातच थांबवत. तेव्हा मला त्याचं कारण कळत नसे.

मग आमची मीनल बाळंतपणाला आली. धंतोलीच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला, आणि सुलभानं जाहीर केलं, "बाळाला पाळण्यात घालायचं ते माझ्या हातच्या दुपट्यावर. विकतचं आणायचं नाही आणि कोणाचं मागायचं तर नाहीच नाही!"

यातलं शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मीनलच्या बारशाच्या वेळी आमची नुकती बदली झालेली, सामान वाटेत कुठंतरी अडकलेलं, त्यामुळे ऐनवेळी शेजारणीकडून दुपटं मागून आणावं लागलं होतं. त्यावर दुसऱ्याच बाळाचं नाव भरलेलं होतं. तीस वर्षं झाली, पण सुलभा ते विसरली नाही.

बारसं रविवारी होतं. त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी तिनं वर्गात ताणा तयार केला. ताणा म्हणजे मागावर लावायचे उभे धागे. दोनशे चाळीस धागे, पिवळे, पांढरे आणि हिरवे, पट्ट्यापट्ट्यांनी मोजून लावलेले. दुपटं, टोपडं आणि उरलंच तर मला मफलर, असा सहा वारांचा हिशेब. पुढच्या शनिवारी तो मागावर चढवायचा, दिवसभर विणायचं आणि रविवारी बाळ त्यावर निजवायचं. मधल्या दिवसांत समाजभवनात कोणाची तरी हळद होती, म्हणून ज्यांनी त्यांनी आपापलं सूत घरी नेलं. सुलभानंही ताण्याची जाडजूड वेणी घालून ती कापडी पिशवीत ठेवली आणि पिशवी खुंटीला अडकवली. "याला हात लावू नका," असं ती म्हणाली नाही. (हे मी आजही ठासून सांगतो.)

बुधवारी ती बारशाच्या खरेदीला इतवारीत गेली. मीनल आणि बाळ झोपले होते. घरात जागा असा मी एकटाच. आता, मी वेगवेगळ्या ऑफिसांत, शेवटी सदरमध्ये, पस्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेला माणूस. सैल बांधलेली कुठलीही वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. सहज पिशवी उघडून पाहिली, तर वेणीच्या एका टोकाला एक लाल दोरा धाग्यांतून वरखाली, वेडावाकडा गेलेला! कुणी तरी निष्काळजीपणे अडकवून विसरलं असणार, हे माझ्या अनुभवी नजरेनं ताबडतोब ओळखलं. मी दोरा ओढून काढला, केराच्या डब्यात टाकला, धूळ नको म्हणून ताणा गॅलरीत नेऊन चांगला चारदा झटकला आणि दोन्ही टोकांना फाइलीच्या नाड्या बांधून पिशवीत परत ठेवला. सुलभाला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं माझं मत आहे.

शनिवारी पिशवी उचलून मीच तिच्याबरोबर गेलो. मावशींनी वेणी सोडली, टोक हातात घेतलं आणि त्यांचा हात थांबला.

"सुलभा, यातला लाल दोरा कुठी गेला वं?"

"तिथंच होता मावशी. मी स्वतः बांधला होता."

"तो ना?" मी दारातून मदतीला धावलो. "तो मी काढून टाकला. उगाच अडकला होता!"

मावशींनी वेणी टेबलावर ठेवली.

"उगाच?" मावशी म्हणाल्या. "काहून काढला गा भाऊ? एक धागा वर, एक धागा खाली, असा तो दोरा दोनशे चाळीस धाग्यांचा नंबर धरून बसला होता. आता कोणता धागा कोणाच्या मागचा, हे त्या धाग्यालेही मालूम नाही!"

थोडक्यात, मी रेकॉर्डरूमची अनुक्रमणिका फाडली होती, आणि वर सगळ्या फाइली गॅलरीत नेऊन झटकल्या होत्या!

सुलभा रागावली असती तर बरं झालं असतं. रागाची मला सवय आहे. पण ती रागावली नाही. गुंत्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, "उद्या बारसं आहे हो," आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं, की आपण या जगात कशाला आलो असं झालं. आणि वाईट वाटलं की मी नेहमी चुकीचं बोलतो.

"एवढं काय त्यात? सदरमधून एक मस्त तयार दुपटं..."

अकरा बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी ते वाक्य तिथंच सोडून दिलं.

"रडू नको वं," मावशी पदर खोचत म्हणाल्या. "अख्खा दिवस पडला आहे. पट्ट्यांचा नाद सोडू, हाती येईन तो धागा घेऊ. पण गुंता काढाले ताणा पुरा लांब करा लागते. एक टोक खिडकीच्या गजाले बांधा. दुसऱ्या टोकाले खुंटा पाहिजे."

"खांब आहे ना," कुणीतरी सुचवलं.

"खांबाले सैल सोड म्हटलं तर सोडते का तो? माणूस पाहिजे."

सगळ्यांनी माणूस शोधायला इकडंतिकडं पाहिलं. समाजभवनात पुरुष एकच होता.

ओढणीनं ताण्याचं टोक माझ्या कमरेला बांधलं गेलं. दोन्ही हातांत दोन काठ्या दिल्या, त्यांच्यावरून धागे गेले. मग दोन्ही बाजूंनी बायका बसल्या आणि बोटांनी एकेक धागा सोडवू लागल्या.

"भाऊ, ओढा!"

"भाऊ, सैल सोडा!"

"भाऊ, पोटात श्वास घेऊ नका, धागे हलून राहिले!"

(मग तो कुठं घ्यायचा हे कुणी सांगितलं नाही.) तासाभरात माझे पाय भरून आले आणि नाकाला खाज सुटली. हात अडकलेले. शेवटी सुलभानं फुटपट्टीनं माझं नाक खाजवलं. त्यात माया फारशी नव्हती.

इतक्यात माझ्या खिशातला फोन वाजला. सुलभानं तो माझ्या कानाला लावला. आमचे व्याही, बोरकर. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांच्यासमोर मी आजवर पाय पसरूनसुद्धा बसलेलो नाही.

"पाळणा घेऊन तुमच्या घरी आलो," ते म्हणाले. "कुठी आहात?"

"समाजभवनात. पण तुम्ही येऊ नका! मी जरा अडकलो आहे."

"अडकले? येतोच!"

पाच मिनिटांत ते दारात उभे. आतलं दृश्य पाहून त्यांच्या हातातली गाडीची किल्ली पडली.

"व्याहीबुवा! कोणी बांधलं तुम्हाले?"

"मी," सुलभा म्हणाली.

बोरकरांनी किल्ली उचलली, चपला बाहेर काढल्या आणि हळू आवाजात विचारलं, "काही चुकलं का यांचं?"

"हो!" अकरा बायका एकदम म्हणाल्या.

"आलेच आहात तर त्या टोकाले उभे राहा," मावशींनी हुकूम सोडला. "तो गज काही कामाचा नाही."

आणि आमचे मितभाषी व्याही निमूटपणे दुसऱ्या टोकाला बांधले गेले! सहा वारांच्या अंतरावर, दोनशे चाळीस धाग्यांनी जोडलेले, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. मुलांच्या लग्नातही आम्ही इतका वेळ समोरासमोर नव्हतो. पण माणूस निघाला तयारीचा.

"बॉयलरवर जिंदगी गेली माझी," ते मला म्हणाले. "प्रेशर किती ठेवायचं, ते मले सांगा लागत नाही."

खरंच सांगावं लागलं नाही. उलट दर पाच मिनिटांनी मलाच ऐकावं लागलं, "भाऊ, बोरकर साहेबांकडून शिका जरा!"

गुंता जवळजवळ सुटला होता, तेव्हा माझ्या नाकात कापूस गेला.

"मला शिंक..."

"दाबा!" अकरा बायका ओरडल्या.

पहिली दाबली. दुसरीही दाबली. तिसरी त्या दोघींचं व्याज घेऊन आली! मी पुढं वाकलो, मागं फेकला गेलो, आणि तटतट आवाज करत मधले सलग तेरा धागे गेले. पलीकडे बोरकर दोन पावलं खेचले गेले, झुकले, पण पडले नाहीत.

"मी सोडलं नाही!" ते गर्जले. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या.

मावशींनी तुटलेली टोकं पाहिली, मग घड्याळ पाहिलं. "राहू द्या. सांधाले टाइम नाही. तेवढी पट्टी जाळीची राहीन."

साडेतीनला मला सोडलं. मग धागे मागावर चढले आणि एकेकीनं आळीपाळीनं विणायला घेतलं. टोपडं आणि मफलर रद्द झाले. पिवळ्यात हिरवा, हिरव्यात पांढरा, रंग कसेही आले होते, पण दिवेलागणीला दुपटं तयार होतं. शेवटची वीतभर सुलभानं विणली. कापून हातात घेतल्यावर ती किती तरी वेळ त्यावरून हात फिरवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बसा आता. पाय दुखले असतील तुमचे." मी दुपट्याकडे हात नेला.

"लांबून बघा," ती म्हणाली.

रविवारी अख्खा वर्ग बारशाला आला. दुपटं पाळण्यात अंथरलं, त्यावर बाळाला निजवलं, आणि सुलभाचा चेहरा असा फुलला की मी बाळाऐवजी तिच्याकडेच बघत राहिलो. विहीणबाईंनी दुपट्याचं कौतुक केलं. बोरकर भेटेल त्याला सांगत होते, "दोन तास उभा होतो, इंचभर हललो नाही!" तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "आणि या आजोबांनी काय केलं?"

मावशींनी वाकून दुपट्याच्या मधोमध गेलेल्या विरळ पट्टीवर बोट ठेवलं. "ही जाळी यांची."

सगळे हसत होते, तोच बाळानं पाय झाडला. त्याचा अंगठा नेमका त्या जाळीत शिरला, अडकला, आणि त्यानं असं काही भोकाड पसरलं की पाळण्याचं गाणं बंद पडलं. मी लगबगीनं पुढं वाकलो.

"भाऊ, हात नका लावू!" अकरा बायका एका सुरात किंचाळल्या. "बोरकर साहेब, तुम्ही या!"

नातू माझा, दुपटं माझ्या बायकोचं, जाळीसुद्धा माझीच! पण अंगठा सोडवण्याचा मान व्याह्यांना मिळाला.