गाऱ्हाण्यात राहून गेलेलं नाव

इथले अनुभव वाचून गालातल्या गालात हसणाऱ्यांपैकी मी एक. खेडला हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. भूतखेत, अंगात येणं यावरून मुलांना वर्गात मीच झाडायचो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे... पण घडलं ते घडलं.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी करून आईने मला शिकवलं. आज जे काही आहे ते तिचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मी पाळण्यात असताना मुंबईला गोदीत कामाला गेले. काही महिने पत्रं आली, मग तीही थांबली. कुणी म्हणे वारले, कुणी म्हणे दुसरं घर केलं. आईने कुंकू मात्र कधी पुसलं नाही.

पुढे आमचं गाव धरणात गेलं. आमच्याकडे घर कायमचं सोडताना उंबरठ्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात — घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक नावं घेऊन, 'आम्ही निघालो, तुम्हीही चला' म्हणून. ज्याचं नाव राहिलं तो मागे राहिला, असं जुनी माणसं मानतात. आमचं गाऱ्हाणं गावचे मानकरी असलेल्या गावकरांनी घातलं. आजोबा, आजी, लहानपणीच गेलेला काका... वडिलांच्या नावापाशी गावकर थांबले आणि आईकडे बघू लागले.

"जित्या माणसाला कसली हाक मारतोस?" आई कडाडली.

नाव घेतलं नाही. आम्ही वर वसाहतीत आलो. धरणाचं पाणी लांबच्या गावांना जायचं, आमच्या नळाला मात्र थेंब नसायचा.

१९८७ चा मे महिना. मंजू चार वर्षांची, सचिन तीनचा. बायकोचं माहेर मालगुंडचं, त्यामुळे पोरांना समुद्राचा नाद. 'पुळणीवर चला' म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. मालगुंड लांब... म्हणून रविवारी धरणावर न्यायचं ठरवलं. आई तयार नव्हती.

"बुडाल्या गावावर पोरं नाचवतोस? लय शिकलास!"

शेवटी नातवंडांसाठी आली.

पाणी बरंच आटलं होतं. काठाला लाल रेती उघडी पडली होती. आमचं घर कुठे होतं ते मला ओळखू येईना, आईला विचारायचा धीर झाला नाही. सचिनने खड्डा खणायला घेतला, मंजू घोटाभर पाण्यात खेळत होती. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

खेळता खेळता मंजूने पाय उंच उचलून पलीकडे टाकला, एखादा उंबरठा ओलांडावा तसा. मग मान खाली घालून वाकून पुढे गेली आणि पुन्हा सरळ झाली. मला हसू आलं. आई मात्र एकटक बघत होती. आमच्या पडवीचा वासा इतका खाली होता की वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही. मंजूचा जन्म गाव बुडाल्यानंतरचा.

थोड्या वेळाने बायकोने भाकरीचं फडकं सोडलं. मंजू ओल्या पायांनी धावत आली.

"आजी, भाकरीचा पापुद्रा दे ना. खालचं नको."

"तुला कशाला गं नुसता पापुद्रा?" बायकोने विचारलं.

"मला नाय. आत आजोबा बसलेत ना, त्यांना. ते म्हणाले, तुझ्या आजीला माहीत आहे. चुलीमागे ठेवते म्हणाले."

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पाण्यात, काठावर, नजर जाईल तिथवर आमच्याशिवाय माणूस नव्हतं.

आई उठली. घोटाभर पाण्यात गेली, ओंजळ भरली आणि कपाळ धुतलं. रडली नाही.

परतताना वाटेत मी विचारलं, "आई, पापुद्र्याचं तू कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणाला सांगू? नवी नवरी होते. सासूपासून लपवून ठेवायचे त्याच्यासाठी. लाज वाटायची."

माझ्याही कानावर ही गोष्ट तोवर आली नव्हती. वडिलांचा साधा फोटोही घरात नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी नारळ आणला. "गावकरांना घेऊन जातो. काठावर गाऱ्हाणं घालू, अण्णांचं नाव घेऊ. येऊ देत ते आपल्यात."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जितेपणी आठवण काढलीन नाय. मेल्यावर घर सापडला? मी उभा जन्म दाराशी बसले. आता बसू दे त्याला."

"आई, असं नको..."

"माझ्या मागेसुद्धा हाक मारू नकोस. शपथ आहे."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मंजूला त्या दिवसातलं काही आठवत नाही. पोरीच्या तोंडी ते कुठून आलं, याचा मी विज्ञानाच्या शिक्षकासारखा खूप विचार केला... उत्तर नाही. दरवर्षी म्हाळाला आईचं पान वाढतो. शेजारी आणखी एक पान मांडायला हात जातो, आणि शपथ आठवून मी तो मागे घेतो.