खिळ्यावरचा टाय

आमच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनबाहेर खिळ्यावर एक मरून टाय लटकत असे. बिनटायचा माणूस दिसला की जुने साहेब त्याला आल्या पावली परत पाठवत, म्हणून शिपाईकाकांनी तो घरून आणून ठेवला होता. ज्याला आत बोलावणं येई त्याच्या गळ्यात तो अडकवायचा, गाठ वर सरकवायची, कॉलर बसवायची, हे काकांचं काम. अकरा वर्षांत ती गाठ एकदाही सुटली नाही. टाय धुतलाही गेला नाही; मी समोरच टायपिंगला बसते, खात्रीने सांगते.

मग नव्या मॅडम आल्या, साध्या सुती शर्टात आणि चपलांत. पहिल्याच आठवड्यात परिपत्रक निघालं: टाय नको, गणवेश नको, ज्याला जे सोयीचं ते त्याने घालावं. सगळे खूश. काकांचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"अहो, सुटलात की खाकीतून!" मी म्हटलं.

"ताई, सत्तावीस वर्षं लोक खाकीलाच ओळखतात. ती उतरवली की मला कोण विचारतंय?"

मला राग आला, पण स्वतःचाच. इतकी वर्षं समोर बसून मला त्यांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

सोमवारी ते काकूंनी निवडलेला निळ्या चौकडीचा शर्ट घालून आले. रोज त्यांच्याच हातचा चहा पिणाऱ्या वॉचमनने त्यांना गेटवर अडवलं, "कुणाला भेटायचंय?"

काका वर येऊन स्टुलावर अंग चोरून बसले. "उद्यापासून खाकीच," मला म्हणाले.

अकराच्या सुमाराला एक गृहस्थ मुलाखतीला आले. चाळिशी उलटलेली, अंगात बहुधा लग्नातला कोट आणि टाय असा आवळलेला की चेहरा लालबुंद. खोलीत आम्ही सहाजण होतो. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि थेट काकांपाशी गेले.

"जरा बघता का, नीट आहे ना?"

काकांचा हात सवयीने गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी गाठ सोडली, टाय काढला, घडी करून त्या माणसाच्या खिशात ठेवला आणि त्याचं वरचं बटण उघडलं.

"आता मोठा श्वास घ्या. आमच्या मॅडम कपडे बघत नाहीत, काम विचारतात."

अर्ध्या तासाने गृहस्थ बाहेर आले ते कोट हातावर टाकूनच. "साहेब, जमलं! एक तारखेपासून या म्हणाल्या."

"मी साहेब नाही हो. शिपाई आहे."

"असाल. धीर तुम्हीच दिलात." त्यांनी हात पुढे केला. "नाव काय आपलं?"

काकांनी नाव सांगितलं. आधी पुटपुटले, मग घसा खाकरून वडिलांच्या नावासकट नीट सांगितलं. मी ते तिथल्या तिथे टाइप करून घेतलं, माझा माझ्या आठवणीवर विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी काका पिवळ्या शर्टात आले. वॉचमनने त्यांना नावाने हाक मारली. आदल्या संध्याकाळी घरी जाताना त्याच्या हातात मी तो कागद ठेवला होता.