वादळातलं शनिवारचं जेवण

एल्विन पास्टर म्हणून अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका गावात आला, तेव्हा व्हर्ना पेल्की त्याला पहिल्यांदा दिसली ती चर्चच्या स्वयंपाकघरात, घेवडा भिजत घालताना. शेजारी रेडिओ सांगत होता, की आज मुसळधार पाऊस आणि उद्या शनिवारी दोन फूट बर्फ पडेल.

"व्हर्नाबाई, उद्याचं गावजेवण रद्द करू या. तसंही हल्ली दहाच माणसं येतात असं ऐकलं. खरं तर ते कायमचंच बंद करावं म्हणतो," एल्विन म्हणाला.

"घेवडा भिजत घातलाय," व्हर्ना म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. नवरा गेल्यापासून तिला शनिवारच्या या रांधण्याचाच काय तो आधार होता.

एल्विनने मात्र रेडिओवर जेवण रद्द झाल्याचं जाहीर करून टाकलं.

बर्फामुळे हे जेवण आजवर कधी रद्द झालं नव्हतं. त्यामुळे लोकांनी सरळ अर्थ लावला, की व्हर्ना गेली. शनिवारी संध्याकाळी झाडून सारं गाव, मयताच्या घरी नेतात तशी झाकलेली भांडी घेऊन, बर्फ तुडवत चर्चमध्ये आलं. व्हर्ना घेवड्यात काकवी ढवळत उभी होती.

"अगं, तू जिवंत आहेस?" लाकूडवाला हॉलिस म्हणाला.

"तुझी काही हरकत आहे का? बूट पूस आणि बस."

त्या दिवशी घेवडा पुरला नाही. जेवण बंद करण्याचा विषय एल्विनने पुन्हा काढला नाही.

व्हर्नाच्या खुब्याचा सांधा आता ऑपरेशन करून बदललाय, त्यामुळे शनिवारच्या जेवणाचा घेवडा ती स्टुलावर बसून निवडते.